पंडित सुंदरलाल यांचा न छापलेला वृत्तान्त

१७ सप्टेंबर हा दिवस भालकीत कल्याण कर्नाटक उत्सव दिन म्हणून साजरा होतो. हद्द ओलांडून उदगिरात गेले की तोच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होतो, आणि नारायणखेड-जहीराबादकडे, तेलंगणात, सरकार बदलले की त्याचे नावही बदलते. १९४८ साली ही सगळी गावे एकाच बिदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्ह्याची वाटणी झाली. भालकी, बिदर, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आणि जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. व्यासपीठावरची कथा मात्र तिन्हीकडे सारखीच सांगितली जाते: हैदराबादच्या निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा उच्छाद, सोलापूरहून निघालेली भारतीय फौज, नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, आणि पाचव्या दिवशी निजामाची शरणागती. भाषणे तिथे थांबतात. त्यानंतरच्या आठवड्यांत या टापूत काय झाले, याचा गावोगाव हिंडून केलेला एक लेखी वृत्तान्त आहे. तो लिहिणाऱ्यांपैकी दोघे मुरलेले पत्रकार होते. त्यांतल्या एकाची, पंडित सुंदरलाल यांची, वाटचाल इथे पाहायची आहे. पत्रकार मानवी हक्कांच्या कामाकडे वळतो तेव्हा धंद्याच्या दोन सवयी बरोबर नेतो: विचारण्याची आणि छापण्याची. सुंदरलालांनी पहिली सवय उस्मानाबाद-बिदरच्या मुलखात शिकस्तीने वापरली आणि दुसरी दिल्लीत गहाण टाकली. या सीमाभागाचे पुढे जे नुकसान झाले, त्यात दुसऱ्या गोष्टीचा वाटा फार मोठा आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुंदरलाल मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या खतौलीचे, जन्म १८८५ चा. अलाहाबादेत त्यांनी १९०९ साली ‘कर्मयोगी’ हे हिंदी पत्र काढले. ते जहाल होते, खपतही होते आणि म्हणूनच १९१० च्या प्रेस ॲक्टच्या तडाख्यात बंद पडले. या पत्रात लिहिणाऱ्या तरुणांमध्ये गणेश शंकर विद्यार्थी होते. त्यांचा संबंध पुढे पुन्हा येईल. मग ‘भविष्य’ आले, असहकार आला, मध्य प्रांतातले काँग्रेसचे काम आले. १९२३ साली जबलपूरला चरख्याचा झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो झेंडा सत्याग्रह नंतर नागपूरला पेटला आणि त्याची सूत्रे शेवटी वल्लभभाई पटेलांच्या हाती आली. पंचवीस वर्षांनी हीच दोन माणसे एका अहवालाच्या दोन टोकांना उभी राहणार होती. सुंदरलालांचे नाव मात्र सर्वतोमुखी झाले ते मार्च १९२९ मध्ये निघालेल्या ‘भारत में अंग्रेज़ी राज’ या ग्रंथामुळे. सरकार जप्ती आणणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणून छापून होताच प्रती बांधून ग्राहकांकडे रवाना करण्याचा सपाटा लावला गेला, आणि काही दिवसांत बंदीचा हुकूम निघाला तेव्हा बहुतेक प्रती वाचकांच्या घरी पोहोचल्या होत्या. ही घाई नीट लक्षात ठेवावी लागते. सत्य शोधून ठेवणे आणि ते जप्तीच्या आधी वाचकापर्यंत पोहोचवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि १९२९ चे सुंदरलाल दोन्हींत तरबेज होते.

मानवी हक्कांचे काम म्हणून आज आपण जे ओळखतो, त्याकडे ते वळले १९३१ साली. भगतसिंगांच्या फाशीनंतर मार्चअखेरीस कानपुरात हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली. ‘प्रताप’चे संपादक असलेले गणेश शंकर विद्यार्थी दोन्ही बाजूंच्या अडकलेल्या लोकांना सोडवत हिंडत होते, २५ मार्चला जमावाने त्यांना मारले. काँग्रेसने डॉ. भगवानदास यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि तिचे चिटणीस झाले सुंदरलाल. साक्षी घेणे, गल्लीबोळ पाहणे, आकडे ताडून बघणे ही बातमीदाराची कामे समितीच्या पद्धतीत आली. हा अहवालही इंग्रजांनी दाबला. म्हणजे १९४८ उजाडेपर्यंत या माणसाचे पत्र बुडाले होते, ग्रंथ जप्त झाला होता, अहवालावर बंदी आली होती, आणि प्रत्येक वेळी बंदी घालणारे सरकार परके होते. आपले सरकार आले की असे काही होणार नाही, ही त्या पिढीची श्रद्धा होती. ती भाबडी होती असे आज म्हणणे सोपे आहे.

निजामाच्या शरणागतीनंतर हैदराबादेतून कानांवर येणाऱ्या गोष्टींनी नेहरू अस्वस्थ होते. त्यांच्या पुढाकाराने सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे सद्भावना मंडळ तिकडे गेले. काझी साहेब मुरादाबादचे. मौलाना मोहम्मद अलींच्या ‘हमदर्द’मध्ये तयार झालेले, ‘लैला के ख़ुतूत’ लिहून उर्दू वाचकांना चकित केलेले, आणि हैदराबादेत ‘पयाम’ हे दैनिक चालवलेले संपादक. निजामी राज्याची नस त्यांना माहीत होती, रझाकारांमागच्या इत्तेहाद पक्षाचे राजकारण त्यांना रुचत नव्हते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या तीन आठवड्यांत मंडळाने राज्याच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत प्रवास केला. सात जिल्ह्यांची ठाणी, एकवीस गावे-शहरे आणि तेवीस महत्त्वाची खेडी त्यांनी पाहिली. जिथे पोहोचता आले नाही अशा आणखी एकशे नऊ खेड्यांतल्या पाचशेहून अधिक माणसांना भेटून विचारपूस केली. त्यांचा हा दौरा चालू असताना, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू नये, ‘सर्व माणसे’ असाच निघावा, यासाठी भारताच्या हंसाबेन मेहतांनी धरलेला आग्रह फळाला आला होता. मराठवाड्याच्या आणि बिदरच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या या तिघांच्या डोक्यात तो जाहीरनामा असण्याचे कारण नाही. ते गेले होते समेट घडवायला. आपण चौकशी आयोग नाही, पण जे पाहिले-ऐकले ते सरकारच्या कानावर घालणे कर्तव्य समजतो, अशी स्वच्छ कबुली त्यांनीच अहवालात दिली आहे.

अहवालाचे सगळे बळ त्यातल्या हिशेबीपणात आहे. जे डोळ्यांनी दिसले ते त्यांनी मोजून लिहिले आणि जे मोजता येत नव्हते ते अंदाज म्हणून, पल्ला देऊन लिहिले. प्रेतांनी भरलेल्या विहिरी त्यांना दाखवण्यात आल्या. अशा एका विहिरीत त्यांनी प्रेते मोजली, ती अकरा भरली. त्यांत एका बाईच्या छातीला चिकटलेले तान्हे मूल होते. काही ठिकाणी जाळलेल्या प्रेतांची हाडे आणि कवट्या तशाच पडलेल्या होत्या. लातूरबद्दल ते सांगतात की कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. तिथली मुसलमान वस्ती दहा हजारांच्या आसपास, त्यातले जेमतेम तीन हजार शहरात सापडले. आता एखादा प्रचारक असता तर उरलेल्या सात हजारांना त्याने सरळ मृतांत ढकलले असते. अहवाल तसे करत नाही. हजाराहून अधिक मारले गेले आणि बाकीचे जीव घेऊन पळाले, अशी फोड त्याने केली आहे. संपूर्ण राज्याचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृतांचा होता, आणि तोही हात राखून केलेला, असे ते म्हणतात. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त पोळले. एकट्या या चार जिल्ह्यांत अठरा हजार किंवा त्याहून जास्त माणसे गेली, असा त्यांचा कयास. भालकी या चारांच्या ऐन मधोमध येते.

दोषाची वाटणीही त्यांनी अशीच केली आहे. मारेकऱ्यांत स्थानिक लोक होते, हद्दीपलीकडून फौजेच्या मागोमाग घुसलेल्या टोळ्या होत्या. सोलापूर आणि इतर शहरांतून आलेली एका प्रसिद्ध हिंदू जातीय संघटनेची शिकवून तयार केलेली माणसे होती, काही ठिकाणी कम्युनिस्टही होते, असे अहवाल म्हणतो. काही सैनिकांनी आणि पोलिसांनी लुटीत हात धुऊन घेतला, जमावाला चिथावले, काही गावांत प्रौढ मुसलमान पुरुषांना बाहेर काढून ठार केले, हेही त्यात आहे. आणि त्याच पानांवर, अनेक ठिकाणी लष्कराची वागणूक चांगली होती, त्यांनी लोकांना वाचवले, हेही आहे. शेजाऱ्यांना दडवून ठेवणारे, पळवलेल्या बायका परत मिळवून देणारे हिंदू त्यात आहेत. त्यातली एक गोष्ट समाजशास्त्राच्या कुठल्याही प्रबंधापेक्षा मला मोलाची वाटते. एकाच धंद्यातली माणसे एकमेकांसाठी उभी राहिल्याचे त्यांना दिसले. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी हिंदू जमावाशी दोन हात केले आणि त्यात स्वतःची माणसे गमावली. माग शेजारी, सूत एकाच सावकाराचे, बाजार एकच. हे टिपायला मागापर्यंत जावे लागते, कलेक्टर कचेरीत बसून ते कळत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि या भागात तो घेतला जाणे स्वाभाविक आहे. रझाकारांनी केले त्याचे काय? गोरट्याचे काय? मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात रझाकारांनी कत्तल केली. मृतांची संख्या सुमारे दोनशे सांगतात. २६ मार्च २०२३ ला तिथल्या हुतात्मा स्मारकाचे लोकार्पण झाले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. ज्यांची घरे जळली, ज्यांच्या बायकांना रानात रात्री काढाव्या लागल्या, त्यांच्या दुःखाला कमी लेखून कुठलाही मानवी हक्कांचा विचार उभा राहणार नाही. पण या आक्षेपाने अहवाल खोटा ठरत नाही, कारण ही गोष्ट अहवालातच नमूद आहे: सर्वांत जास्त पोळलेले हे चार जिल्हे रझाकारांचे मुख्य बालेकिल्ले होते आणि तिथल्या लोकांनी रझाकारांच्या हातून सर्वांत जास्त सोसले होते. म्हणजे कारण त्यांनी लपवले नाही. फक्त कारण म्हणजे माफीपत्र असे मानायला ते तयार नव्हते, कारण लातूरच्या दुकानदाराला किंवा खेड्यातल्या पिंजाऱ्याला मारताना त्याने रझाकारांचा गणवेश घातला होता की नाही हे कोणी तपासले नव्हते. शिवाय सूड घेणारे सगळेच सोसलेले नव्हते. बाहेरून आलेल्या टोळ्यांचे इथे काहीच जळले नव्हते. रझाकारांच्या विरोधात उभा राहिलेला हैदराबादचा सर्वांत धाडसी संपादक मुसलमानच होता, हेही विसरू नये. ‘इमरोज’चे शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारले, त्यांचा हात तोडला. जमातीच्या नावाने माणसे मोजायची झाली तर त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार?

दुसरा आक्षेप आकड्यांचा. सत्तावीस आणि चाळीस यांत तेरा हजारांचे अंतर; असा कसा हा आकडा? मला उलट वाटते. जो अहवाल गावे पाहून, ऐकून, न पाहिलेल्या गावांच्या लोकांना विचारून केला, त्यात एकच नेमका आकडा असता तर संशय घ्यायला हवा होता. मोजणी सरकारने करायची होती, आणि पुढची मोजणी झालीच नाही. हा आकडा कमी करायचा किंवा वाढवायचा अधिकार, या मंडळींनी जितकी खेडी पायाखाली घातली तितकी घालणाऱ्याला जरूर आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो सरकारचा होता. गृहखाते आणि संस्थान खाते सरदार पटेलांकडे. मंडळाला चौकशीचा अधिकार कोणी दिला, हा त्यांचा सवाल, आणि नियमाने पाहिले तर तो चुकीचा नव्हता. त्यात वेळ अशी की हैदराबादचे प्रकरण सुरक्षा परिषदेच्या पटलावर होते, काश्मीरमधली युद्धबंदी १ जानेवारी १९४९ ची. अशा वेळी भारतीय सैनिकांवर ठपका असलेला कागद बाहेर पडला तर परदेशात त्याचे भांडवल होईल आणि देशात आग भडकेल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण भीती खरी असणे आणि तिच्यावरचा उपाय बरोबर असणे यांत फरक आहे. पन्नास वर्षांनी महाराष्ट्राने याच प्रश्नाचे दुसरे उत्तर देऊन पाहिले. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळापुढे आला. सत्तेवरच्या युती सरकारने तो एकतर्फी म्हणून झिडकारला. पण तो छापला गेला, विकला गेला, मराठी वर्तमानपत्रांनी त्याची चिरफाड केली. नऊशे मृत, त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकी इतर आणि अनोळखी, हा हिशेब लोकांसमोर आला. न्याय फारसा झाला नाही ही गोष्ट वेगळी, पण मुंबई त्या अहवालाने पेटली नाही. त्याच शहरात १९९३ मध्ये तीस्ता सेटलवाड आणि जावेद आनंद यांनी नोकरीतली पत्रकारिता सोडून ‘कम्युनॅलिझम कॉम्बॅट’ काढले. त्यांच्या पुढच्या कामाबद्दल तीव्र मतभेद आहेत, खटलेही झाले. एवढे मात्र दिसते की चळवळीत जाताना त्यांनी छापखाना सोडला नाही.

सुंदरलालांनी तो सोडला. १९२९ साली जप्तीच्या आधी पुस्तक वाटून टाकणारा माणूस १९४९ साली अहवाल सरकारच्या हाती देऊन गप्प राहिला, हा त्यांच्या चरित्रातला खरा प्रश्न आहे. भित्रेपणा हे त्याचे उत्तर नाही. तुरुंगाची भीती त्यांची केव्हाच मेली होती. त्यांची अडचण निष्ठेची होती. ज्या सरकारसाठी उभे आयुष्य घातले, ज्या नेहरूंच्या शब्दावर ते गेले, त्यांना न विचारता कागद बाहेर काढणे त्यांना विश्वासघात वाटले असावे. इंग्रजांच्या विरोधात असताना त्यांचा वाचक निश्चित होता: हिंदुस्थानची जनता. हैदराबादचा अहवाल लिहिताना वाचक बदलला. तो दिल्लीतल्या दोन-तीन खुर्च्यांसाठी लिहिला गेला. खुर्चीने वाचून बाजूला ठेवले की असा मजकूर मेला. काही उतारे अभ्यासकांच्या हाती लागत राहिले, ए. जी. नूराणींनी २००१ साली ‘फ्रंटलाइन’मधून त्याकडे लक्ष वेधले, आणि २०१३ मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहायला मिळू लागला. मधल्या काळात या मुलखात दोन पिढ्या वाढल्या. हिंदू घरांत रझाकारांच्या गोष्टी राहिल्या, मुसलमान घरांत त्यानंतरच्या, आणि दोन्ही एकत्र मांडणारा एकमेव कागद कपाटात. बसवण्णांच्या कल्याणपासून हाकेच्या अंतरावर हे झाले. त्यातच १९५६ ने जिल्ह्याचे तुकडे केले. बिदर-भालकीसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देणाऱ्यांना भाषेचे दुखणे कळत होते, पण भालकीचे आणि उदगीरचे १९४८ एकच होते हे त्या घोषणांत कुठे नव्हते.

सुंदरलाल यांना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले तर ते आपोआप टळते. १९५१ मध्ये ते सद्भावना मंडळ घेऊन चीनला गेले. तिथे जमीन सुधारणांची आणि प्रतिक्रांतिकारकांच्या बंदोबस्ताची मोहीम ऐन भरात होती, असंख्य माणसे मारली जात होती. ‘चायना टुडे’ हे त्यांचे पुस्तक मात्र कौतुकाकडे झुकलेले आहे. मराठवाड्यात विहिरीत वाकून प्रेते मोजणारा माणूस तिथे यजमानांनी दाखवले तेवढेच पाहून आला. कारण उघड आहे. हैदराबादेत बरोबर काझी साहेब होते, भाषा येत होती, न पाहिलेल्या गावांची माणसे भेटायला येत होती. चीनमध्ये दुभाषा सरकारचा, गाडी सरकारची, साक्षीदारही सरकारनेच उभे केलेले. तळमळ दोन्हीकडे तीच होती, विचारण्याची सोय एकाच ठिकाणी होती. मानवी हक्कांच्या कामात चांगुलपणापेक्षा पद्धतीवर जास्त भिस्त ठेवावी, ती यासाठी. जागतिक शांतता चळवळीत त्यांची उरलेली वर्षे गेली. १९८१ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी ते वारले.

त्यांचा अहवाल आता वाचता येतो, पण अपुरा आहे, आणि तो पुरा करण्याची एक वाट अजून उघडी आहे. खून, बलात्कार, धर्मांतरे यांच्याबरोबर त्यांनी घरे आणि जमिनी बळकावल्याचीही नोंद केली आहे. मेलेल्या माणसाचा कागद राहत नाही, जमिनीचा राहतो. आज भालकीचा शेतकरी कर्ज काढायला जी पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, घेऊन बँकेत जातो, तिच्या मागच्या वहीत, तिच्याही मागच्या वहीत जायला हवे: १९४८ च्या आधीचा कब्जेदार कोण, पाच वर्षांनी कोण, मधला फेर विक्रीचा, वारसाचा, की कशाचाच नाही. निजामी दफ्तर उर्दूत आहे. जुन्या बिदरचे कागद आता तीन राज्यांच्या हद्दींत विखुरले असणार, आणि उर्दू, मोडी, देवनागरी, कन्नड अशा चारही लिप्या वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. जवळच्या गावांपासून सुरुवात केली तर एक भालकी तालुका दोन-तीन जणांना काही वर्षांत तपासता येईल. १९४१ आणि १९५१ च्या जनगणनेचे तक्ते हाताशी आहेतच. त्यातून निघणारा आकडा सुंदरलालांच्या अंदाजापेक्षा कमी भरेल किंवा जास्त, पण तो गावाच्या नावासकट असेल, आणि तो भालकीतल्या छापखान्यात मराठीत आणि कन्नडमध्ये छापता येईल.